लास ओयासचा करपलेला पाव

सातुरियो एर्नान्दोला जगात दोनच गोष्टींचा मनापासून राग होता: शिळा पाव आणि सायकलवाले. शिळ्या पावाचं एकवेळ समजता येतं, त्याचा धंदाच पावाचा. पण सायकलवाल्यांनी त्याचं काय घोडं मारलं होतं, हे त्याच्या बायकोला, कासिल्दाला, एवढ्या वर्षांच्या संसारात कधी उमगलं नाही.

"रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे?" रविवारी घरी आला की टोपी काढायच्या आधी तो विचारायचा.

"मग तुझ्या बापाचा आहे का?" कासिल्दा म्हणायची.

"मी रोज जातो त्या रस्त्याने. बर्फात जातो, वाऱ्यात जातो. हे लोक फक्त रविवारी उगवतात, कुत्र्याच्या छत्र्यांसारखे. आणि कपडे बघितलेस? असल्या रंगाचे कपडे घालून आपल्या गावात पूर्वी फक्त सर्कस यायची."

खरं सांगायचं तर दोष थोडा रस्त्याचाही होता. आमच्या सोरियात, स्पेनच्या या कोपऱ्यात, रस्ते भरपूर आणि माणसं कमी. त्यातही वाल्देकाब्रासहून निघून तोरेसेकाला जाणारा, तिथून घाट चढून लास ओयासला पोहोचणारा आणि तिथेच संपणारा हा रस्ता इतका रिकामा, की तित्तर पिलांना घेऊन भर डांबरावर ऊन खात बसायचे. जिथे समोरून कोणी येतच नाही, तिथे बाजू सांभाळून कोणाला दाखवायचंय, असा सातुरियोचा साधा विचार. तो आपली पांढरी व्हॅन बरोब्बर मधून हाकायचा आणि प्रत्येक वळणाआधी हॉर्न दाबून धरायचा.

नेमका हाच रस्ता सोरिया शहरातल्या 'तोरेझ्नो सायकल मंडळा'ला सापडला. तोरेझ्नो म्हणजे डुकराच्या पोटाच्या मांसाचा खरपूस तळलेला लांबडा तुकडा. मंडळाने तेच नाव घेतलं, यावरून त्यांचा जीव सायकलीत किती आणि न्याहारीत किती, ते कळावं. त्यांच्या मते अख्ख्या प्रांतात याच्याइतका शांत रस्ता दुसरा नाही. रानओव्याचा वास, डोक्यावर संथ फिरणारी गिधाडं, दर गावाबाहेर गार पाण्याचा झरा. खोट एकच, वळणावर अचानक अंगावर येणारी पांढरी व्हॅन. त्या व्हॅनला त्यांनी 'पांढरा बैल' म्हणायला सुरुवात केली होती. मंडळाची म्होरकी रेमेदियोस, शहरात औषधांचं दुकान चालवणारी काटक बाई, सगळ्यांत पुढे असायची. हॉर्न ऐकू आला की ती ओरडायची, "बैल आला रे!" आणि सगळं मंडळ सायकलींसकट कडेच्या गवतात शिरायचं. सातुरियो मधूनच पुढे जायचा. ते लोक मागून हातवारे करायचे, ते तो नमस्कार समजून सोडून द्यायचा.

वाल्देकाब्रासमधली भट्टी नवरा-बायकोची. भाजायचं कासिल्दाने आणि वाटायचं सातुरियोने. आमच्याकडे पाववाला दार ठोठावत नाही. दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली असते, तीत पाव टाकायचा आणि पुढे जायचं. ज्याला गप्पा हव्यात तो हॉर्न ऐकून बाहेर येतो. पण या साध्या पिशवीचा एक कायदा आहे. कुठे लिहिलेला नाही, पण पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. पिशवीत कालचा पाव तसाच दिसला, तर पाववाल्याने पुढे जायचं नाही. कालचा पाव आहे म्हणजे कालपासून दार उघडलेलं नाही, आणि आत राहणारं माणूस बहुधा एकटं आणि म्हातारं असतं. तोरेसेकाचा गाउदेन्सियो शिडीवरून पडून पाय मोडून घेऊन बसला होता, तो असाच सातुरियोला सापडला. "डॉक्टरला बोलावू?" सातुरियोने घाबरून विचारलं. "आधी वाईन आण," गाउदेन्सियो म्हणाला, "डॉक्टर आला की पिऊ देणार नाही."

रस्त्याच्या टोकाला, लास ओयासमध्ये, एकच धुराडं पेटतं उरलं होतं. ते बोनिफासियाचं. पंचक्रोशीतले सगळे तिला बोनीमावशी म्हणत. ऐंशी ओलांडलेली, वाळक्या शेंगेएवढी बाई आणि तिच्या कोंबड्या. तिच्या एका पावासाठी सातुरियो रोज तो घाट चढायचा. आणि तो पाव तरी कसा? पाव भट्टीतून काढताना कासिल्दा एक पाव वेगळा ठेवायची आणि कापडात गुंडाळून द्यायची, "हा लास ओयासचा." सातुरियोने एकदा कापड उलगडून बघितलं, तर पावाचं बूड करपलेलं. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर कोळसाच.

"अगं, त्या म्हातारीने तुझं काय वाकडं केलंय? एवढा डोंगर चढून मी तिला जळका पाव देऊ?"

"चालतं तिला," कासिल्दा म्हणायची आणि विषय संपवायची.

बोनीमावशीकडे पाव पिशवीत टाकून निघण्याची सोयच नव्हती. हॉर्न ऐकला की ती दारात हजर. आत बसवायची, गोड वाईनचा इवलासा पेला पुढ्यात ठेवायची आणि विचारायची, "कोण गेलं?" कोणी गेलेलं नसलं की तिचा चेहरा पडायचा. मग सातुरियो निदान कोणाच्या तरी आजारपणावर वेळ मारून न्यायचा. पेला संपेपर्यंत सायकलवाले, सरकार, हवामान आणि कासिल्दाचा भाऊ अशा सगळ्यांचा उद्धार व्हायचा. मग तो शीळ घालत घाट उतरायचा, शीळ घालत घरी यायचा आणि दारात शीळ थांबवून तक्रार करायचा, "त्या म्हातारीपायी माझी अर्धी सकाळ वाया जाते."

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर परवान्याची मुदत संपली.

आमच्याकडे वय झालेल्या ड्रायव्हरला दर काही वर्षांनी शहरात जाऊन तपासणी द्यावी लागते. तिथे एक यंत्र असतं. पडद्यावर दोन वाकडेतिकडे रस्ते, दोन्हींवर एकेक ठिपका, आणि आपल्या दोन्ही हातांत एकेक दांडी. ठिपका रस्त्याबाहेर गेला की यंत्र किंचाळतं. सातुरियो बसल्यापासून उठेपर्यंत ते किंचाळत होतं.

"दोन रस्ते एकदम कोण चालवतं हो?" त्याने चिडून विचारलं. "माझ्याकडे व्हॅन एकच आहे."

तपासणारी डॉक्टरीण हसली. मग तिने त्याचा डावा डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तेव्हा मात्र ती हसली नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशनची रांग वसंत ऋतूपर्यंत लांबलेली, आणि ऑपरेशन होईपर्यंत परवाना मिळणार नव्हता. इतकी वर्षं वळणावरचे सायकलवाले आपल्याला एवढे उशिरा का दिसत होते, हे सातुरियोला त्या खुर्चीत कळलं. ते त्याने कोणाला सांगितलं नाही, कासिल्दालाही नाही.

आता पाव कोण वाटणार? मुलगा परदेशी, कासिल्दाला गाडी चालवता येत नाही. खालच्या खोऱ्यातल्या एका मोठ्या भट्टीचा माणूस बातमी लागताच येऊन गेला. "तोरेसेका मी घेतो," तो म्हणाला. "लास ओयास नाही. एका पावासाठी घाट चढायला मला काय वेड लागलंय?" एकदा लोकांच्या पिशवीत दुसऱ्याचा पाव पडू लागला, की वसंतात परत जाऊन 'आता माझा घ्या' म्हणण्यात अर्थ नव्हता, हे सातुरियो जाणून होता. त्याहून वाईट म्हणजे बोनीमावशीच्या सारागोसातल्या मुलीने आईला केव्हाच बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी पाव यायचा बंद होईल, त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार आणि तू माझ्याकडे येणार. मग मी काही ऐकणार नाही." मुलीचं घर पाचव्या मजल्यावर होतं. तिथे कोंबड्या चालत नाहीत. थोडक्यात, सातुरियोची फेरी बंद पडली तर म्हातारीचं घर सुटणार होतं.

दोन दिवस तो स्वयंपाकघरात डोकं धरून बसला. तिसऱ्या दिवशी कासिल्दा भांडी पुसता पुसता म्हणाली, "सायकलला परवाना लागत नाही."

सातुरियोने डोक्यावरचे हात काढले.

"काय म्हणालीस?"

"बाबांची सायकल आहे गोठ्यात."

कासिल्दाचे बाबा म्हणजे वाल्देकाब्रास आणि तोरेसेकाचे दवंडीवाले. या सायकलवरून गावोगाव जाऊन सरपंचाचे हुकूम ओरडून सांगायचे. लग्नाच्या वेळी ते सातुरियोकडे बघून म्हणाले होते, "पोरगा बरा आहे, पण दम नाही." सायकल लोखंडी होती, गिअर नाही, ब्रेक नावापुरता. पुढे-मागे पावाच्या टोपल्या बांधून सातुरियो पहिल्या चढाला लागला आणि सासऱ्याचं म्हणणं त्याला प्रथमच पटलं.

तोरेसेकाला पोहोचला तर चौकात चिटपाखरू नाही. हॉर्नच नाही, तर लोकांना कळणार कसं? सायकलची घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखला, पण गाव सगळं बहिरं. दुसऱ्या दिवशी कासिल्दाने भिंतीवरची बाबांची दवंडीची पितळी तुतारी काढली, चिंचोक्याएवढा मळ खरवडला आणि त्याच्या गळ्यात अडकवली.

सातुरियोने चौकात उभं राहून तुतारी फुंकली. कित्येक वर्षांत तोरेसेकात ती वाजली नव्हती, पण पायांना आठवण असते. पहिल्याच फुंकरीला दारं उघडली. ज्यांना पाव नको होता तेही आले. गाउदेन्सियो काठी टेकत आला. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी हात एप्रनला पुसले आणि सगळे अर्धगोल करून खाली मान घालून उभे राहिले. कारण तुतारी म्हणजे हुकूम.

"पाण्याचा कर वाढला असणार," एक बाई कुजबुजली.

"गप गं. कोणीतरी मोठं माणूस गेलंय."

सातुरियोने सगळ्यांकडे बघितलं. एवढ्या लोकांना आता नुसतं 'पाव घ्या' म्हणायची त्याला लाज वाटू लागली. त्याने घसा साफ केला आणि सासऱ्याच्या चालीत सुरू केलं, "सरपंचांच्या हुकमावरून सर्वांस कळविण्यात येते की..."

"की काय?"

"की पाव आलाय!"

मग गाउदेन्सियोने विचारलं, "हा हुकूम केव्हापासून?"

"आजपासून."

हुकूम म्हटल्यावर काय, सगळ्यांनी पाव घेतला. गर्दीत खुद्द सरपंचही उभा होता. "मी कधी काढला हा हुकूम?" तो पुटपुटला, पण त्यानेही दोन घेतले. त्या दिवशी टोपल्या रिकाम्या झाल्या, एवढा पाव तोरेसेकात लग्नकार्यालाही खपला नव्हता.

परतीच्या वाटेवर मात्र मागून जोरात हॉर्न वाजला. मासे विकणाऱ्या बासिलियोची व्हॅन होती. "ए! रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

"बासिलियो, अरे मी आहे!"

"तू? मग कडेला मर ना! मधून काय मिरवत चाललायस?"

सातुरियो कडेच्या गवतात शिरला. गवतात काटे असतात, हे त्याला नवीनच कळलं. घरी पोहोचेपर्यंत बासिलियोचं सगळं सांगून झालं होतं. "काय मग," कासिल्दाने विचारलं, "रस्ता कोणाच्या बापाचा निघाला?"

गाव जमलं, पण घाट जमेना. तिथे सायकल चालवायची नव्हती, ढकलायची होती. वर पोहोचेपर्यंत सातुरियो वांग्यासारखा जांभळा व्हायचा आणि छातीचा भाता व्हायचा. अशा अवस्थेत आपण बोनीमावशीच्या दृष्टीस पडलो तर? ती लगेच मुलीला फोन करणार, पाववाल्याचं काही खरं नाही. म्हणून तो लास ओयासच्या अलीकडेच तुतारी शर्टात लपवायचा, पाय न वाजवता दारापर्यंत जायचा, पाव पिशवीत सरकवायचा आणि उतारावरून सुटायचा. वाईन नाही, 'कोण गेलं' नाही, कोणाचा उद्धार नाही. हल्ली तो घरी शीळ न घालता यायचा. कासिल्दाच्या ते लक्षात आलं होतं.

ऑक्टोबर सरत आला तसे गुडघे संपावर गेले. एका रविवारी तो घाटाच्या पायथ्याच्या झऱ्यापाशी बसून राहिला. समोर चढ, टोपलीत कापडात गुंडाळलेला शेवटचा पाव. उठायचं म्हटलं तरी उठवेना. तेवढ्यात खालून रंगीबेरंगी मंडळ आलं आणि पाणी भरायला थांबलं.

"बघितलंत का," रेमेदियोस म्हणाली, "महिना झाला, पांढरा बैल गायब आहे. कोणीतरी कापला वाटतं."

"कोण बैल?" सातुरियोने विचारलं.

"एक पाववाला आहे हो. आंधळ्यासारखा मधून गाडी घालतो."

"आंधळ्यासारखा नाही," सातुरियो उसळला, "एकाच डोळ्याने! दुसरा चांगला आहे! आणि रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

सगळं मंडळ त्याच्याकडे वळलं. हे वाक्य त्यांनी व्हॅनच्या खिडकीतून पुष्कळदा ऐकलं होतं. मग आमान्सियो, बँकेतून निवृत्त झालेला एक लांबुळका गृहस्थ, सासऱ्याची सायकल बघून, टोपल्या बघून आणि सातुरियोचे गुडघे बघून हळूच म्हणाला, "अहो पाववाले, ही सायकल? या घाटात?" कोणालाच हसू आलं नाही. ज्याने तो घाट गिअरच्या सायकलवर चढलाय, त्यालाच सातुरियो काय करत होता ते कळत होतं.

"आम्ही वर चाललोच आहोत," रेमेदियोस म्हणाली. "द्या तो पाव."

"कशात नेणार?"

तिने पाठ वळवली आणि कमरेखालचा मागचा खिसा दाखवला.

"पाव काय बुडावर न्यायची वस्तू आहे?" सातुरियो म्हणाला. पण गुडघ्यांनी त्याला उठू दिलं नाही. शेवटी त्याने पावाला आणखी एक रुमाल गुंडाळला, निळ्या दाराच्या कडीची पिशवी समजावून सांगितली आणि तोंड दुसरीकडे करून पाव दिला.

मंडळ गेलं तसं परत आलं, वाऱ्यावर. आमान्सियो सगळ्यांत खूश. "पोहोचवला! मावशींकडे काही कमी नाही हो. पिशवीत आधीच एक पाव होता. मी आपला त्याच्या शेजारी नीट बसवला."

सातुरियोच्या तोंडचं पाणी पळालं.

"आधीचा पाव होता?"

"होता. जरा करपलेला."

"तो कालचा. मी ठेवलेला." तो उभा राहिला. मगाशी न उठणारे गुडघे कसे उठले, त्यांचं त्यांना ठाऊक. "कालचा पाव पिशवीत असला तर आत जायचं असतं! हाका मारायच्या असतात, दार मोडायचं असतं! शेजारी बसवायचा नसतो! एवढंही कळत नाही शहरात?"

मग त्याने त्यांना कायदा सांगितला. आमान्सियोचा चेहरा पांढरा पडला. झऱ्यापाशी मोबाइलला रेंज नाही, जवळ गाडी नाही. "मी पुढे जाते," म्हणत रेमेदियोस घाटाला लागलीसुद्धा. "अहो, ती अनोळखी माणसाला दार उघडत नाही," सातुरियो मागून ओरडला, पण ती पहिल्या वळणाआड गेली होती.

तो सायकलवर चढला. ढकलायला वेळ नव्हता. वीस हातांवर दम संपला, आणि तेवढ्यात पाठीवर एक तळवा पडला. चढावर जो मागे पडतो, त्याला पाठीवर हात लावून वर न्यायचं, अशी सायकलवाल्यांची रीत आहे. एका बाजूने आमान्सियो, दुसऱ्या बाजूने आणखी एक जण. ते थकले की पुढचे दोघे. मध्ये सातुरियो, रस्त्याच्या बरोब्बर मधून. सायकल करकरत होती, तुतारी छातीवर आपटत होती. काल दोन पावलं आत गेलो असतो तर, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. आपल्याला धाप लागलेली दिसू नये म्हणून पळालो, आणि ती कदाचित दाराच्या आतच पडलेली असेल. त्याला रडू येत होतं, आणि घामाच्या धारांत ते कोणाला दिसत नव्हतं. 'बाई, जिवंत रहा,' तो मनात म्हणाला, 'सायकलवाल्यांना पुन्हा शिव्या देणार नाही.' पुढच्या वळणावर त्याला हे फारच वाटलं. 'देईन, पण मनातल्या मनात.'

लास ओयासमध्ये पोहोचले, तर निळं दार सताड उघडं. अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला पाठ लावून, हेल्मेट घातलेली रेमेदियोस दोन्ही हात वर करून उभी. तिच्यासमोर गवत उपसायचा लोखंडी काटा रोखून बोनीमावशी.

"आलास? बरं झालं!" ती ओरडली. "चोर पकडलाय. पावाच्या पिशवीत हात घालत होती. आणि अवतार बघ, घाईघाईत अर्धेच कपडे घालून आलीय!"

सातुरियो खाली उतरला. उतरला म्हणण्यापेक्षा सायकलवरून ओघळला. जीव भांड्यात पडला आणि लगेच राग डोक्यात गेला.

"मावशी! कालचा पाव पिशवीत का?"

"तू आत का आला नाहीस?"

"मी विचारतोय..."

"मी पण विचारतेय." तिने काटा भिंतीला टेकवला. "महिनाभर बघतेय खिडकीतून. सायकल ढकलत येतोस, तुतारी शर्टात खुपसतोस, पाव अडकवतोस आणि चोरासारखा पळतोस. खाली कोण गेलं, कोण राहिलं, मला पत्ता नाही. म्हटलं राहू दे पाव तिथेच. कायदा तुला माहीत आहे, झक मारत येशील आत."

"अहो, मी समजलो तुम्ही गेलात!"

"मग? मेलेल्या माणसाकडे तरी आत यावंच लागतं."

"आणि दोन दिवस काय खाल्लंत? पावाशिवाय?"

बोनीमावशीने तोंड उघडून दाखवलं. आत एक दात होता, तोही पाहुण्यासारखा. "तुझा तो दगड कशाने चावू? कित्येक वर्षं कोंबड्याच खातात. मी दुधात बिस्किटं बुडवते."

सातुरियो दाराच्या पायरीवर बसला. बर्फातले घाट आठवले, धुक्यातले आठवले. कोंबड्या त्याच्या पायाशी येऊन नेहमीच्या ओळखीने बघत होत्या.

"मग पाव बंद का नाही केलात?" शेवटी त्याने विचारलं.

"पाव बंद केला असता तर तू आला असतास?"

त्याने टोपी काढून घाम पुसला आणि विचारलं, "कासिल्दाला काय सांगू?"

"सांग, कोंबड्यांना आवडतो. बूड जरा जास्त करपतं, पण त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत."

मग सगळ्यांना आत बसवण्यात आलं. पेले पुरेनात, तेव्हा उकडलेलं अंडं ठेवायच्या कपांतून वाईन आली. चोराला पहिला पेला मिळाला. बोनीमावशीने हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "हं. कोण गेलं?"

सातुरियोने महिनाभराचं साठलेलं सांगितलं, पण दिवस बरे गेले होते, मसाला कमी होता. आमान्सियोने चाचरत विचारलं, "मावशी, शहरातली माणसं चालतील का? बँकेमुळे माझ्या ओळखी पुष्कळ आहेत."

"चालतील की. तेवढीच नवीन."

आमान्सियो सुरू झाला तो थांबेना. निघताना रेमेदियोस म्हणाली, मंडळातले निम्मे निवृत्त आहेत, रोज दोघं तरी येऊ शकतील, पाव आम्ही पोहोचवत जाऊ.

"पाव तुम्ही काय करायचाय?" बोनीमावशी म्हणाली. "पाव कोंबड्यांना पाहिजे. मला हा पाहिजे. याला वर ढकलून आणा."

आणि वसंतापर्यंत तेच ठरलं.

दुपारी सातुरियो घरी आला. कासिल्दा काठवट खरवडत होती. तो दारात घुटमळला, टोपी हातात फिरवत राहिला. चाळीस वर्षं पाव भाजणाऱ्या बाईला असली गोष्ट सांगायची कशी?

"कासिल्दा, मनाला लावून घेऊ नकोस. पण लास ओयासचा पाव... तो बोनीमावशी खात नाही. कोंबड्या खातात."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तिचे दात पडले तेव्हाच तिने फोनवर सांगितलं. म्हणून तर करपलेला ठेवते. कोंबड्यांना चांगला पाव कशाला वाया घालवू?"

सातुरियोला बसायला खुर्चीही सापडेना. "मग मला रोज तो घाट कशाला चढायला लावत होतीस? कोंबड्यांसाठी?"

कासिल्दाने काठवट उलटी करून पीठ झटकलं.

"सकाळी निघतोस तेव्हा तुझं तोंड बघवत नाही," ती म्हणाली. "आणि तिथून येतोस तेव्हा शीळ घालत येतोस. आत्ताही घालतच आलास, आणि दारात थांबवलीस. एका करपलेल्या पावात मला ते स्वस्त पडतं."